सातवा फ्रॉक

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचलो एकदाच्या. निघायच्या दिवशी ताई आली ती नेहमीसारखीच. माझी ताई दार उघडत नाही, दारावर चालून जाते. भिंतीवरचं कॅलेंडर उडून खाली पडलं की समजायचं, ताई आली. तिने ही वही माझ्या हातात कोंबली आणि रोज चार ओळी लिहायला बजावलं. परक्या घरी राहायचं तर मन मोकळं करायला काहीतरी हवं, असं तिचं म्हणणं. माझ्या मनापेक्षा माझ्या जिभेची काळजी तिला जास्त असावी.

तर काम असं. इथल्या बाईंकडे जुन्या बाहुल्यांचा संग्रह आहे आणि मी त्यांच्या कपड्यांची दुरुस्ती करायची. राहणं-जेवण इथेच, लेकीसकट. वीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले आणि घट्ट झाले म्हणून लोकांची बोलणी खाल्ली. बाहुली निदान जाड होत नाही आणि उलटून बोलतही नाही.

लेकीला सगळे टिवली म्हणतात. वय वर्षं आठ, झोपेतसुद्धा टिवटिव चालूच. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. ते जाऊन दोन वर्षं झाली. मला आता या जगात एवढी एक बडबड उरली आहे, आणि तेवढी पुरते.

आमची खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीपाशी लांबलचक टेबल, त्यावर स्टँडला लावलेलं मोठं भिंग, आणि उजेड असा की सुईत दोरा एका फटक्यात गेला. टेबलावरच ती बसलेली होती. संग्रहातली सगळ्यात मोलाची बाहुली, दीडशे वर्षांची. वीस इंच उंच, चिनी मातीचं डोकं, चामड्याच्या अंगात गच्च भुसा. डाव्या हाताची दोन बोटं काळी पडलीत. बाई म्हणाल्या, फार पूर्वी कुणीतरी तो हात विस्तवात धरला होता. टिवली म्हणाली, हिला फळ्यासमोर उभं केलंय आणि गणित येत नाहीये, असं हिचं तोंड आहे. बाई हसल्या. सभ्य बाई आहेत, पांढरे केस, हळू बोलणं.

स्वयंपाकाच्या मावशींनी टिवलीला दूध दिलं. त्यांच्या फळीवर कप उतरत्या क्रमाने मांडलेत, मोठ्यापासून अगदी शिवताना मी बोटात घालते त्या टोपणाएवढ्यापर्यंत. शेवटच्या कपातून कोण दूध पितं, असं टिवलीने विचारलं. मावशींनी फळी पुसायला घेतली.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज बाहुलीची पेटी उघडली. सहा फ्रॉक, सहा वेगवेगळ्या काळांतले. शिवाय बूट, हातमोजे, छत्री, कंगवा, झालरीची टोपी. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली आहे. एक ते सहा, प्रत्येक ओळ वेगळ्या हस्ताक्षरात. बाईंनी सांगितलं, ज्या शिवणाऱ्या बाईने फ्रॉक केला तिनेच आपली ओळ लिहायची, अशी इथली पद्धत आहे. सातवा आकडा घातलेला आहे, पुढे कोरं.

दिवसभर भिंगाखाली फ्रॉक बघत बसले आणि चहा गार झाला. बाहुलीचा कपडा कधी लपत नाही. कापड माणसांच्याच कपड्याचं असतं, अंग लहान असतं, त्यामुळे तो ताठ उभा राहतो, टाका दांडगा दिसतो, काज ओबडधोबड येतं. या फ्रॉकांचं तसं नाही. वीण इतकी बारीक की असा माग मी कधी पाहिला नाही. काजाचा टाका भिंगाखालीही जेमतेम दिसतो. कुठल्या सुईने केलं असेल? मला हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

आणखी एक गंमत. दुसऱ्या फ्रॉकला कोपरावर रफू आहे, घासून विरलं होतं म्हणून केलेलं. पाचव्याची कॉलर एकाच बाजूने झिजलीय. तिसऱ्याच्या खिशात तिळाएवढा खडूचा तुकडा निघाला. आणि सहाच्या सहा फ्रॉकांची खालची दुमड उसवून फ्रॉक लांब केलाय, दोन-दोनदा. जुन्या दुमडीच्या रेघा स्पष्ट दिसतात. पोरीच्या फ्रॉकची दुमड आपण उसवतो, कारण पोरगी वाढते. बाहुलीसाठी हे कुणी आणि का केलं असेल, हे काही मला उमगलं नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सातवा फ्रॉक मी करायचा आहे. बाईंनी पद्धत समजावली. आधी खऱ्या मुलीच्या मापाचा शिवायचा, तो तिने काही दिवस अंगावर वापरायचा, म्हणजे कापड कुठे सुरकुततं आणि कुठे झिजतं ते कळतं. मग त्यावरून बाहुलीचा. संग्रह करणाऱ्यांना कोऱ्या कपड्याचं कौतुक नसतं म्हणे, वापरल्याच्या खुणा लागतात. श्रीमंतांचे चोचले, दुसरं काय. पण घरात आयती मुलगी आहे आणि टिवलीला फुकट फ्रॉक मिळतोय, मी कशाला नाही म्हणू.

कापड बाईंनी कपाटातून काढून दिलं. शेवाळी, त्यावर पांढरे बारीक ठिपके, कोरं सुती. टिवलीची मापं घेऊन वहीत टिपली. उंची अठ्ठेचाळीस इंच, खांद्यापासून फ्रॉक सव्वीस. माप घेताना ती एक मिनिट सरळ उभी राहील तर शपथ.

बुधवार, १३ नोव्हेंबर

फ्रॉक झाला. माझ्या हातून इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. बटणांची पट्टी अशी बसवली की दोन बटणांच्या मध्ये बरोब्बर अकरा ठिपके येतात. टिवलीने घातला आणि गोल फिरून दाखवला. समोरचा दुधाचा दात पडला होता, तो तिने खिशात ठेवला आणि इथून कुणी हलवायचा नाही म्हणून मला दम दिला. बाईंनी तिला मागून-पुढून पाहिलं आणि छान म्हणाल्या. मावशी दारातूनच परत गेल्या.

खूप दिवसांनी मी काम करताना गुणगुणत होते. टिवलीनेच सांगितलं, मला कळलं नव्हतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

कपाळावर हात मारून घेतला. काल फ्रॉक धुतला, आज बाहुलीच्या फ्रॉकसाठी मापाला घेतला, तर खांद्यापासून चोवीस भरला. दोन इंच गेले. कोरं सुती कापड आधी भिजवून, वाळवून मग बेतायचं, हे शिकाऊ मुलीलाही माहीत असतं. मी उत्साहाच्या भरात तसंच बेतलं. वीस वर्षांचा अनुभव आणि ही तऱ्हा.

बाईंना सांगितलं. वाटलं, आता कापड वाया घालवलं म्हणून ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, तिला वापरू दे.

टिवलीला परत घातला. मला वाटलं होतं आता गुडघे उघडे पडतील. छान बसला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

छान कसा बसला?

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी फ्रॉक भिंगाखाली घेतला. आकसलेलं कापड दाटतं, हाताला जाड लागतं. हे तसंच्या तसं मऊ आहे. दोन बटणांच्या मध्ये अकराच ठिपके आहेत, पण ठिपकेच लहान झालेत. शिवण माझीच आहे आणि टाका माझ्या टाक्याहून बारीक आहे.

टिवलीला दाराच्या चौकटीशी उभं केलं. चव्वेचाळीस. टेप जुना, ताणला असेल म्हणून बाजारातून नवा आणला. चव्वेचाळीसच. तिला सांगितलं नाही. ती खुशीत आहे, म्हणते टेबल मोठं झालंय, आता खाली घर-घर खेळता येतं.

आज दूध तिसऱ्या कपात आलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे नेलं. बेचाळीस इंच. डॉक्टरांनी छाती, डोळे, जीभ सगळं तपासलं आणि म्हणाले, पाच वर्षांच्या मुलीच्या मानाने उंची ठीक आहे. मी म्हटलं, आठ. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मापाची वही पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही, हळू आवाजात विचारलं की घरी आणखी कोण असतं आणि मला झोप लागते का. वेड्या माणसाशी बोलतात तसं बोलले. टिवलीने त्यांना सांगितलं की माझी आई वेडी नाही, फक्त टेप घेऊन मागे लागते.

परत येताना तिचे बूट वाटेत दोनदा निघाले. उचलून घेतली. हलकी लागली आणि मला रडू आलं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

काल सगळा राग फ्रॉकवर. तो अंगातून काढला, पेटीत कोंबला, तिला जुने कपडे घातले. ती कुडकुडायला लागली. दोन पांघरुणं घातली तरी अंग गार. सकाळी मोजली. एका रात्रीत चार इंच.

फ्रॉक परत घातला. थरथर थांबली. म्हणजे फ्रॉकमध्ये आहे तोवर निदान सावकाश होतं. बाहीचा एक धागा कातरून पाहिला, तिच्या मनगटावर ओरखडा उठला. जाळायचा विचार होता. देवाने वाचवलं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

दोन दिवस घराबाहेर, बस-स्टँडजवळच्या लॉजमध्ये राहून पाहिलं. काही फरक नाही. चौतीस. घर सोडून उपयोग नाही, आणि जे काही कळायचं ते त्या पेटीतच. परत आलो. बाईंनी दार उघडलं आणि मावशींना दोन पानं वाढायला सांगितलं.

टिवलीने विचारलं, बाबा पण असेच छोटे छोटे होत गेले का. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, तू रडू नकोस, मी मांडीवर बसायला आता पुन्हा मावते.

बुधवार, २७ नोव्हेंबर

दुमड. सहाही फ्रॉकांची दुमड का उसवली होती ते आता कळलं. त्या सहा जणी ते बाहुलीसाठी करत नव्हत्या, आपापल्या लेकींसाठी करत होत्या.

तिच्या अंगावरच फ्रॉक ठेवून दुमड उसवली, एक बोट लांब केला. तासाभराने मोजली. चौतीस आणि अर्धा. तीनदा मोजली. जीव भांड्यात पडला. ताईला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुला विश्रांती हवी आहे, रविवारी आठ तारखेला येते. येऊ दे. तोवर मी हिला वाढवत नेते.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

दुसरी दुमडही सोडली. काल पाव इंच वाढली. आज एकतीस. आता खाली कापडच उरलं नाही. दुसरं कापड जोडून पाहिलं, उपयोग नाही, ते नुसतं लोंबतं. त्या सहा जणींनीही दोनदाच उसवलं होतं.

रविवार, १ डिसेंबर

बाईंचे पाय धरले. त्यांनी मला उठवून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, मी काही करत नाही, मी फक्त संग्रह करते. पेटी त्यांच्या आईकडून आली, आईकडे कुठून आली ते ठाऊक नाही. थांबवायचा उपाय आहे का, म्हटलं. नाही म्हणाल्या. चौथ्या फ्रॉकच्या बाईने बाहुलीचा हात विस्तवात धरला होता. त्या बाईच्या मुलीचीही दोन बोटं भाजली, बाकी काही झालं नाही. हे सांगताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याचाच मला जास्त राग आला. माहीत असून माप घ्यायला का लावलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सातवा आकडा घातलेला होता.

टिवली सव्वीस. आवाज बारीक झालाय. अजून बोलते.

मंगळवार, ३ डिसेंबर

वीस. फ्रॉक आणि ती, दोघं बाहुलीच्या मापाचे झाले. वाटलं होतं, इथे थांबेल. थांबू दे. वीस इंचांची सांभाळीन, आयुष्यभर खांद्यावर घेऊन फिरेन. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मग पहिल्या फ्रॉकचा पट्टा उसवला, का कोण जाणे. आत अस्तरावर दोऱ्याने आकडे भरलेत. कुठल्यातरी आईने. पंचेचाळीस, एक्केचाळीस, तीस, वीस. वीसच्या खालीही आहेत. अकरा. चार. एक. मग नुसता टाका. मग गाठ मारून दोरा तोडलाय.

गुरुवार, ५ डिसेंबर

फ्रॉक वीसवर थांबला. ती नाही थांबली —

फ्रॉकमधून खाली घसरली. रुमालात गुंडाळली. दहा इंच. बाई आल्या, फ्रॉक घेऊन गेल्या, बाहुलीला घातला. बरोबर बसला म्हणे. खिशातला दात तसाच ठेवलाय, वापरल्याची खूण. मी अडवलं नाही. हात रिकामे नव्हते.

शुक्रवार, ६ डिसेंबर

चार. ती बोलते, तोंड हलतं. कानाशी धरलं तर डास गुणगुणल्यासारखं. आई म्हणत असावी.

मावशींनी शेवटचा कप आणून ठेवला. त्या रडत होत्या. पहिल्या दिवशीच त्या बोलल्या असत्या तर —

शनिवार, ७ डिसेंबर

सकाळी माझ्या टोपणात झोपली होती, कापसाच्या बोळ्यावर. दुपारी टोपण तिला खोलीएवढं झालं. टेपने मोजता येत नाही आता. सुईने मोजते. सुईचं नेढं, त्याहून —

रडायचं नाही. थेंब पडला तर —

रविवार, ८ डिसेंबर

काळ्या मखमलीवर ठेवलीय. भिंगाखाली. तासभर सापडत नव्हती. आता सापडली. ठिपका. हलतो. हात वर करतेय असं वाटतं.

डोळा काढला तर पुन्हा सापडणार नाही. वहीकडे न बघता लिहितेय. लिहायलाच हवं, नाहीतर ती होती हे कुणाला — आठ वर्षांची. समोरचा दात पडलेला. खूप बोलायची.

खिडकी बंद केली. श्वास रोखून, थोडा थोडा घेते. नाकावर पदर बांधलाय. दाराची कडी लावायची राहिली. उठता येत नाही.

खाली आवाज. ताई. आज रविवार. मीच बोलावलं होतं. जिना चढतेय — धाडधाड, नेहमीसारखी —

हाक मारायची तर तोंड उघडावं लागेल. श्वास —

ताई हळू. दार हळू उघ